उभी लाइन, तिरकी लाइन: देवगड–मालवण पट्ट्यातल्या एका खडपावरचं जिगिंग

जानेवारी महिना, तिथी पंचमी. बावीस फुटी फायबरची बोट, मागे एक आउटबोर्ड इंजिन, तांडेल (बोट चालवणारा) आणि तिघे गरवणारे (गळाने मासे पकडणारे). जागा देवगड आणि मालवणच्या दरम्यानचं एक खडप, म्हणजे पाण्याखालचा खडक. तळ २६ मीटरवर, खडपाचा माथा २२ मीटरवर, लांबी दक्षिणोत्तर सुमारे ६० मीटर आणि रुंदी जेमतेम २०. जागेचा पत्ता मुद्दामच देत नाही, कारण असे पॉइंट ही त्या त्या गावच्या तांडेलांची आयुष्यभराची कमाई असते. खडप मालवणच्या सागरी अभयारण्याच्या बाहेर आहे, एवढं सांगणं मात्र गरजेचं. १९८७ साली जाहीर झालेल्या त्या २९.१२ चौरस किलोमीटरच्या हद्दीत, त्यातही सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीच्या गाभ्यात, गळ टाकायचा विचारही करू नये.

सकाळी ९ ते पावणेअकरा या वेळात बोटीवर दोन हेकरू, एक तांबोशी आणि तीन कोकर आले. एक जिग (गळ लावलेला, माशासारखा दिसणारा धातूचा तुकडा) खडपात राहिला. साडेअकरा ते एक या वेळात एकही मासा आला नाही. सहा जिग गेले आणि लागलेले दोन मोठे मासे सुटले. जागा तीच, माणसं तीच, सामान तेच. बोटीवर निघालेला निष्कर्ष नेहमीचाच होता: उन्हं वर आली, माशांनी तोंड बंद केलं. मग जिगचे रंग बदलले, चंदेरीचा गुलाबी झाला, ८० ग्रॅमचा १०० आणि १०० चा १५० झाला. काहीच फरक पडला नाही. पडणारही नव्हता, कारण बदललं होतं ते माशांचं तोंड नव्हे, तर लाइनचा कोन.

सामान तिघांचं जवळपास सारखं होतं. ६००० साइजचं स्पिनिंग रील, पीई ३ जाडीची रंगीत ब्रेड (विणलेली लाइन, दर १० मीटरला रंग बदलणारी), पुढे अडीच मीटर ६० पौंडी फ्लुरोकार्बन लीडर (ब्रेड आणि जिगमधला तुकडा), ब्रेड-लीडर जोडायला एफजी गाठ. जिग मधोमध वजनाचे, पानाच्या आकाराचे. काहींवर फक्त वरच्या बाजूला असिस्ट हुक (छोट्या दोऱ्यावर लोंबणारा गळ), तर काहींवर दुकानातून आले तसेच शेपटीला तीन काट्यांचे ट्रेबल.

आधी वारा आणि पाणी पाहू. हिवाळ्यात सकाळी किनाऱ्यावरून समुद्राकडे मतलई वारा असतो, साडेदहापर्यंत तो मरतो. थोडा वेळ पाणी तेलासारखं शांत राहतं आणि मग वायव्येकडून खारा वारा धरतो. त्या दिवशी अकराला सुरू झालेला वारा बारापर्यंत दहा नॉटच्या (ताशी दहा सागरी मैलांच्या) आसपास पोचला. पाणी मात्र सकाळपासून एकाच दिशेला, उत्तरेकडे, वाहत होतं. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह मुळातच उत्तरवाही असतो आणि भरती-ओहोटीची ओढ त्याच्यात मिसळते. तिथीला पाऊणने गुणलं की मुंबईच्या भरतीची वेळ मिळते (पंचमीला पावणेचार), मालवणला ती त्याआधी येते. हा हिशोब पाण्याच्या पातळीचा आहे. खोल समुद्रात पाणी कोणत्या दिशेला ओढतंय हे तो सांगत नाही, ते जागेवरच पाहावं लागतं.

सकाळी जीपीएसवर बोटीचा वेग ०.८ नॉट दिसत होता, दिशा उत्तर. दुपारी वेग ०.५ नॉट, दिशा पूर्व. बोट हळू झालीय म्हणजे गरवायला सोपं झालंय, असं हा आकडा पाहून कुणालाही वाटेल. इथेच फसगत होते. जीपीएस बोटीचा वेग जमिनीच्या संदर्भात सांगतो. जिग मात्र जमिनीला बांधलेला नसतो, तो पाण्यात लटकलेला असतो. बोट आणि जिग दोन्ही एकाच पाण्याबरोबर उत्तरेला चालले असतील, तर वेग एक नॉट असला तरी लाइन सरळ खाली उभी राहते. लाइन तिरकी होते ती वारा बोटीला पाण्यावरून ढकलतो तेवढ्यापुरती. (वरचं आणि तळाचं पाणी वेगवेगळ्या वेगाने वाहत असेल तर बिनवाऱ्याचीही तिरकी होते, पण २६ मीटरवर त्याचा वाटा सहसा लहान.) म्हणजे आपल्याला हवा असलेला आकडा जीपीएसवर नाहीच. तो मोजावा लागतो, आणि मोजणं अगदी सोपं आहे.

एक लिटरची प्लास्टिकची बाटली जवळपास काठोकाठ पाण्याने भरायची, जेमतेम बूच वर राहील एवढीच हवा आत ठेवायची. तिला पातळ दोरी बांधायची, दोरीवर दर पाच मीटरला गाठ. इंजिन न्यूट्रलला ठेवून बाटली वाऱ्याच्या बाजूने पाण्यात सोडायची, दोरी सैल देत राहायचं आणि दोन मिनिटांनी गाठी मोजायच्या. बाटली पाण्याबरोबर जाते, वारा तिला धरत नाही. जेवढी दोरी गेली तेवढी बोट पाण्यावरून घसरली.

या प्रकरणात सकाळच्या शांत वाऱ्यात बाटली बोटीच्या कडेलाच राहिली असती. दुपारी सव्वा वाजता, सगळे वैतागल्यावर, तांडेलाच्या सांगण्यावरून ती सोडली तेव्हा दोन मिनिटांत ४० मीटर दोरी गेली. मिनिटाला २० मीटर, म्हणजे ०.६५ नॉट घसरण. वारा बोटीला आग्नेयेकडे ढकलत होता, पाणी उत्तरेकडे नेत होतं. दोन्हींची बेरीज पूर्वेकडे अर्धा नॉट. जीपीएसवर दिसला तो हाच अर्धा नॉट.

आता या २० मीटरचा लाइनवर काय परिणाम होतो ते बघा. ८० ग्रॅमचा पानाच्या आकाराचा जिग २६ मीटर खाली जायला साधारण वीस सेकंद घेतो. तेवढ्यात बोट सहा-सात मीटर सरकलेली असते. तळावर एक मिनिट जिग खेळवला की आणखी २० मीटर. आडवं अंतर २६, उभं अंतर २६, म्हणजे लाइन बरोबर ४५ अंशांत. प्रत्यक्षात जिगही थोडा ओढला जातो, त्यामुळे आकडा इकडेतिकडे होईल, पण मिनिटभरात लाइन निम्मी आडवी होते हे नक्की.

कोन डोळ्यांनी मापायला जाऊ नये. पाण्याच्या वर दिसणारा कोन आणि पाण्याखाली पोट पडलेल्या लाइनचा कोन वेगळे असतात. रंगीत ब्रेडचा खरा उपयोग इथे होतो. फिश फाइंडरवर (ध्वनीने तळ दाखवणाऱ्या यंत्रावर) तळ २६ मीटर आहे आणि जिग टेकला तेव्हा लाइन ३० मीटर गेली असेल, तर कोन सुमारे ३० अंश. ३७ मीटर गेली तर ४५ अंश. ५२ मीटर, म्हणजे दुप्पट, गेली तर ६० अंश. खडपावर आमची मर्यादा तळाच्या खोलीच्या सव्वापटीच्या आतच आहे: २६ मीटरवर ३१ मीटर लाइन झाली की जिग वर घ्यायचा आणि नव्याने सोडायचा. ‘अजून एकदा टेकवून बघू’ म्हणून लाइन सोडत राहणं हे या प्रकरणातल्या सहापैकी निदान चार जिगांचं मरण आहे.

तिरक्या लाइनने नेमकं काय बिघडतं? मधोमध वजनाचा जिग मासा खातो तो बहुधा पडताना. रॉडने अर्धा फेरा उचलला, लाइन क्षणभर सैल पडली की तो आडवा होऊन फडफडत खाली येतो. लाइन वाऱ्याने सतत ताणलेली असेल तर ती सैल पडतच नाही. जिग फडफडत नाही, नुसता पुढे सरपटतो. उभ्या लाइनवरचा जिग वर जातो आणि खाली येतो, म्हणून खडपाला वरूनच स्पर्श करतो. तिरक्या लाइनवरचा जिग खडपाच्या अंगावर बाजूने घासत येतो आणि पहिल्या कपारीत जातो. शेपटीला ट्रेबल असेल तर विचारायलाच नको.

वजन वाढवण्याचा उपाय अर्धाच चालतो. १५० ग्रॅमचा लांब जिग लवकर पोचतो, थोडा अधिक उभा राहतो, पण तो दगडासारखा सरळ पडतो आणि टेकल्या क्षणी उचलला नाही तर फटीत रुतून बसतो. जिगचं वजन माशाच्या आकारावरून ठरवायचं नसतं. उथळ खडपावर मीटरला अडीच ते साडेतीन ग्रॅम हा पाया धरावा, म्हणजे २६ मीटरला ६५ ते ९० ग्रॅम. घसरण आटोक्यात आणूनही लाइन उभी राहत नसेल तरच वर जावं.

दुपारी मासे का लागले नाहीत याचं दुसरं कारण आम्हाला पहिल्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. मासा वाऱ्याकडे बघून उभा राहत नाही, पाण्याकडे बघून राहतो. पाणी दक्षिणेकडून येत होतं, म्हणजे कोकर खडपाच्या दक्षिण टोकाशी, वाहत येणाऱ्या खाद्याच्या तोंडावर, आणि हेकरू त्याच टोकाच्या कपारींत. सकाळी बोट दक्षिणेकडून उत्तरेला वाहत होती. जिग आधी दक्षिण टोकाशी यायचा, मग खडपाच्या पूर्ण लांबीवरून अडीच मिनिटं जायचा. दुपारी बोट पश्चिमेकडून पूर्वेला, खडपाच्या कमरेवरून, आडवी जात होती. रुंदी २० मीटर. सव्वा मिनिटात खडप संपायचं, आणि तोवर लाइन ४५ अंशांत. बोट तीच जागा गरवत होती असं सगळ्यांना वाटत होतं, पण मासे असलेल्या टोकावरून ती दुपारी एकदाही गेली नाही. सकाळी जिथून ड्रिफ्ट (बोट वाहू देणं) सुरू केला तो पॉइंट जीपीएसवर ठेवून दुपारी तिथूनच सुरुवात करायची सवय फार जणांना आहे. वारा बदलला की तो पॉइंट बाद.

फिश फाइंडरवरही फार विसंबू नये. साधारण २० अंशांच्या शंकूत बघणारा ट्रान्सड्यूसर (त्याचा पाण्यातला सेन्सर) २६ मीटरवर नऊ मीटर रुंदीचं वर्तुळ एकत्र करून दाखवतो. त्यात कपार बुजते आणि खडप पडद्यावर गुळगुळीत टेकडी होऊन बसतं.

आता गेलेल्या सामानाकडे वळू, कारण तुटलेलं टोक बरंच काही सांगतं आणि बहुतेक लोक ते न पाहता कापून टाकतात. चार लीडर वीतभर खरबरीत, पांढरे पडलेले होते: खडकावर घासून गेलेले. पाचव्या वेळी लीडर पूर्ण गेला आणि ब्रेडचं टोक पिळवटलेलं आलं, म्हणजे एफजी गाठ सरकली. पीई ३ ला १८ ते २० विळखे लागतात. ओले करून आवळल्यावर ब्रेडचा रंग गडद होतो आणि विळखे एकमेकांना चिकटतात. हा रंगबदल दिसला नाही तर गाठ धरलेलीच नाही. सहाव्या वेळी ब्रेड पंधरा मीटर वरच तुटली, टोक झुबक्यासारखं फिसकटलेलं. आधी कुठेतरी खडपाला लागून ती दुखावली होती. हे सगळ्यात वाईट, कारण पंधरा मीटर ब्रेड खडपावर राहते आणि वर्षानुवर्षं मासे-खेकडे अडकवत बसते. दर अडकण्यानंतर शेवटचे दहा मीटर ओल्या बोटांतून ओढून बघावेत. खरखर लागली तर तेवढी ब्रेड कापून गाठ नवी बांधावी. लीडर आणि जिगची गाठ हाच सगळ्यात कमजोर सांधा असला पाहिजे, म्हणजे तुटलं तर खालीच तुटतं.

लागलेल्या दोन माशांपैकी एक बहुधा मोठा हेकरू होता. रीलचा ड्रॅग (ठरावीक ताणानंतर लाइन सुटू देणारा ब्रेक) नंतर वजनकाट्याने मोजला तेव्हा जेमतेम ३ किलो निघाला. एवढ्यावर तो पाच मीटर लाइन काढून घरात शिरणारच. पीई ३ ची ताकद साधारण २० ते २५ किलो धरली तर खडपावर ७ किलोपर्यंत ड्रॅग ठेवता येतो, आणि तो हाताच्या अंदाजाने नाही तर काट्याने लावावा. हेकरूशी लढाई पहिल्या तीन-चार मीटरांतच होते. तेवढा तो तळापासून सुटला की पुढे फार जोर करत नाही. म्हणून झटका न देता रॉड खाली ठेवून सरळ हँडल फिरवत राहायचं, रॉड डोक्यावर उभा करायचा नाही. पण इथेही कोन आडवा येतो. ४५ अंशांच्या लाइनवर ७ किलोचा ताण दिला तर माशाला वर उचलणारा भाग पाचच किलोचा असतो. उरलेला जोर त्याला आडवा, खडपाच्या अंगावरून फरफटत नेतो, आणि लीडर तिथेच जातो. दुसरा मासा शेपटीच्या ट्रेबलला लागला होता. परत आलेल्या ट्रेबलचा एक काटा सरळ झाला होता.

सव्वा वाजल्यानंतर काय बदललं ते आता. आधी सगळे ट्रेबल काढले. वरच्या कडीला ३/० चा एकेरी असिस्ट हुक, जास्तीत जास्त दोन, आणि दोरा एवढाच की हुक जिगच्या वरच्या अर्ध्या भागातच लोंबेल. हुक शेपटीपर्यंत पोचला तर तो तळही पकडतो आणि पडताना लीडरलाही गुंडाळतो. ८० ग्रॅमवर परत आले. लीडर नवे बांधले.

मग सी-अँकर. ताडपत्रीची, नरसाळ्याच्या आकाराची पिशवी, तोंड सव्वा मीटर, शेवटी वितीएवढं भोक. बोटीत होतीच, पण तांडेल ती इंजिन बंद पडल्यावरच वापरायचा. ती नाळेकडून (बोटीच्या पुढच्या टोकाकडून) वाऱ्याच्या दिशेला १० मीटर दोरीवर सोडली. शेपटीला एक वेगळी बारीक दोरी: ती ओढली की पिशवी उलटी होऊन रिकामी येते. पिशवी पाण्याला धरून राहते, म्हणून बोटीची पाण्यावरची घसरण कमी होते. बाटली पुन्हा सोडली तेव्हा दोन मिनिटांत ४० ऐवजी १४ मीटर दोरी गेली. जीपीएसवर वेग ०.४ नॉट, दिशा उत्तर-ईशान्य. म्हणजे बोट पुन्हा पाण्याबरोबर चालायला लागली. ड्रिफ्टची सुरुवात आता खडपाच्या दक्षिण-नैऋत्येला, टोकापासून २० मीटर आधी. जिग दक्षिण टोकाच्या अलीकडे रेतीत टेकेल आणि मग खडपावर चढेल असा बेत.

सी-अँकर वापरताना दोन गोष्टींनी घात होतो. लाइनही वाऱ्याच्या बाजूला जातात आणि पिशवीही तिकडेच असते, म्हणून गरवणाऱ्यांनी बोटीच्या मध्यापासून मागेच उभं राहावं आणि मोठा मासा लागला की बाकीच्यांनी लाइन गुंडाळून बारीक दोरी ओढायला जावं. दुसरं, पिशवी पूर्ण आत आल्याशिवाय इंजिनला गिअर नाही. पंख्यात दोरी गेली की बोट वाऱ्यावर आणि खडक दूर नाही, अशी अवस्था होते.

ज्यांच्याकडे पिशवी नाही त्यांच्यासाठी फेकून गरवायचा मार्ग आहे. बोट ज्या बाजूला घसरतेय त्या बाजूला, वाऱ्याच्या खाली, जिग २० मीटर फेकायचा. तो तळाशी पोचेपर्यंत बोट सात मीटर जवळ येते. पुढच्या चाळीस सेकंदांत लाइन उभी होते, त्यानंतरच्या चाळीस सेकंदांत ती मागे पडू लागते. म्हणजे जवळपास ऐंशी सेकंद कामाची लाइन मिळते, नुसती खाली सोडली असती तर त्याच्या निम्मीही नाही. दमवणारं काम आहे, पण चालतं.

दीड ते तीन या वेळात त्याच खडपावर दोन हेकरू आणि एक तांबोशी आली. एक जिग अडकला आणि तोही सुटून परत आला. तो कसा सुटला हे सांगण्यासारखं आहे. रॉडने ओढणं लगेच थांबवलं, कारण ओढण्याने हुक अधिक रुततो आणि रॉड मोडतो. बोट ज्या दिशेने आली होती त्या दिशेला, अडकलेल्या जागेच्या पलीकडे, नेली. तिथून रॉड खाली करून लाइन हाताने ताणली आणि धनुष्याच्या दोरीसारखी झटकन सोडली, आठ-दहा वेळा. जिगचं वजनच उलट्या दिशेने आपटून हुक काढतं. तरीही नाही सुटला तर ब्रेड लाकडाच्या दांड्यावर गुंडाळून बोटीच्या जोराने तोडावी. उघड्या हाताला गुंडाळलेली ब्रेड हाताची बोटं कापते, यात अतिशयोक्ती नाही.

दुपारच्या दोन हेकरूंपैकी एक फूटभराचा होता. हेकरू आधी मादी असतो आणि मोठा झाल्यावर त्यातले काही नर होतात, म्हणून खडपावरचे लहानही जपावे लागतात आणि सगळे मोठे उचलूनही चालत नाही. २६ मीटरवर दाब पृष्ठभागाच्या साडेतीनपट असतो. वर येताना पोटातली हवा तेवढीच फुगते आणि नुसता पाण्यात सोडलेला मासा पोट वर करून तरंगत राहतो, घारीला सोपं खाद्य. बोथट केलेला, अडकण नसलेला मोठा हुक उलटा करून त्याच्या वरच्या ओठात अडकवावा, खाली अर्धा किलो शिसं बांधावं आणि तळापर्यंत नेऊन एक हिसका द्यावा. शिसं माशाला खाली नेतं, हिसक्याने हुक ओठातून निघतो आणि मासा मोकळा होतो.

तीन वाजता वारा आणखी वाढला. लाटांच्या माथ्यावर जिकडेतिकडे फेस दिसायला लागला, म्हणजे पंधरा नॉटच्या आसपास. पिशवी लावूनही बाटलीची दोरी दोन मिनिटांत ३० मीटर जाऊ लागली आणि २६ मीटरच्या तळाला ३६ मीटर लाइन लागायला लागली. तांडेलाने पिशवी आत घेतली आणि बोट किनाऱ्याकडे वळवली.